कार्डिफजवळची पाणथळे आणि आपला कॅमेरा



आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता चांगला कॅमेरा आहे. कुणी बाळाच्या वेळी घेतला, कुणी भारतात जायच्या आधी. गणपती आणि दिवाळी संपली की तो कपाटात जातो आणि मग एकदम नॅशनल पार्कच्या सहलीला बाहेर निघतो. तिथून परत आल्यावर मात्र तक्रार ठरलेली असते: "डोंगर छान आले, पण पक्षी म्हणजे ठिपका."

हा लेख त्या ठिपक्याबद्दल आहे. कार्डिफपासून तासा-दीड तासाच्या आत उत्तम पाणथळ जागा आहेत. तिथे कधी जावे, कुठे उभे राहावे, कॅमेऱ्यात काय बदलावे आणि काय करू नये, ही माहिती एकत्र दिली आहे. महागडी लेन्स असायलाच हवी असे नाही. भरतीचे वेळापत्रक आणि थोडा धीर मात्र हवा.

आधी थोडा इतिहास: कार्डिफ बेचा चिखल

कार्डिफ बेला आपण पाहुण्यांना हमखास नेतो. तिथे आज दिसणारे गोडे पाणी जुने नाही. टॅफ आणि ईली या दोन नद्यांच्या मुखाशी पूर्वी भरती-ओहोटीचा उघडा चिखल होता. १९९३ साली पार्लमेंटने बॅरेजचा कायदा केला, १९९४ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये पाणी अडवले गेले. सुमारे २०० हेक्टरचे तळे तयार झाले आणि चिखल कायमचा पाण्याखाली गेला.

आपल्याला चिखल म्हणजे घाण वाटते. पण किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी ते भरलेले ताट असते. चिखलात किडे, शिंपले आणि बारीक गोगलगायी असतात आणि ओहोटी लागली की ताट उघडते. बेमध्ये हिवाळ्याला येणाऱ्या पक्ष्यांपैकी एक होता रेडशँक, म्हणजे लाल पायांचा, साधारण साळुंकीपेक्षा थोडा मोठा पक्षी. पाणी अडवल्यावर या रेडशँकचे काय झाले, याचा संशोधकांनी पायात रंगीत कडी घालून मागोवा घेतला. बहुतेक पक्षी जवळच्याच रम्नी नदीच्या मुखाशी गेले. पण तिथे आधीच दुसरे पक्षी होते. नव्याने आलेल्यांचे वजन कमी भरले. वर्षभरात जगण्याचे त्यांचे प्रमाण ८४.६ टक्क्यांवरून ७७.८ टक्क्यांवर आले, म्हणजेच मृत्यूचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

फोटोच्या लेखात हे कशाला, असे वाटेल. कारण पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात. हिवाळ्यात या पक्ष्यांचा जमाखर्च अगदी काठावर चालतो. दिवस लहान, थंडी कडक आणि ताट दिवसातून ठरावीक तासच उघडे. आपण फोटोसाठी थवा उडवला तर त्याचा खाण्याचा वेळ जातो आणि उडण्यात शक्तीही जाते. दिवसभरात आपल्यासारखे दहाजण आले तर हिशोब तुटीत जातो.

कुठे जावे

१. न्यूपोर्ट वेटलँड्स. बेमधल्या नुकसानीची भरपाई म्हणून हे राखीव क्षेत्र २००० साली सुरू झाले. कार्डिफहून पूर्वेला अर्ध्या-पाऊण तासावर, अस्क नदीच्या मुखापासून गोल्डक्लिफ गावापर्यंत, चारशेहून अधिक हेक्टरमध्ये ते पसरले आहे. त्यातल्या काही जागी पूर्वी वीजकेंद्राची राख टाकत. आता तिथे बोरूसारख्या उंच गवताचे बन आहे. इथे त्याला रीड म्हणतात. मधून सपाट वाटा आहेत, प्रॅम जाते. किनाऱ्यावर पांढरे छोटे ईस्ट अस्क दीपगृह आहे, लँडस्केपसाठी ते फार उपयोगी पडते. रीडमध्ये बिअर्डेड टिट आणि बिटर्न राहतात. गोल्डक्लिफच्या बाजूला खाऱ्या पाण्याची उथळ तळी आहेत, तिथे उलट्या वाकड्या चोचीचा अॅव्होसेट, म्हणजे आपला उचाट्या, पिल्ले वाढवतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेडशँकना जो चिखल हवा होता तो इथे नव्याने तयार झाला नाही. इथे गवत, रीड आणि तळी झाली, त्याचा फायदा दुसऱ्या पक्ष्यांना मिळाला. भरपाई झाली, पण परतफेड झाली असे म्हणता येत नाही.

२. कार्डिफ बे वेटलँड रिझर्व्ह. बेच्या काठावर, हॉटेलांच्या शेजारी, सुमारे ८ हेक्टरचा तुकडा. २००२ मध्ये खुला झाला. लाकडी पुलावरून पाण्याच्या आत जाता येते. हंस, पाणकावळे, काळे अंग आणि पांढरे कपाळ असलेले वारकरी, आणि तुऱ्याची मोठी टिबुकली इथे दिसते. ऑफिस सुटल्यावर तासभर सराव करायला याहून सोयीची जागा नाही. इथल्या पक्ष्यांना माणसांची सवय आहे, त्यामुळे २०० मिलिमीटरची लेन्सही पुरते.

३. ग्वेंट लेव्हल्स. न्यूपोर्टच्या आसपासची ही सखल जमीन रोमन काळापासून चर खणून समुद्राकडून मिळवलेली आहे. ब्रिस्टलला नोकरीसाठी रोज एम४ने जाणाऱ्यांना ब्रिनग्लास बोगद्याजवळची रांग ठाऊक आहे. ती टाळण्यासाठी आखलेला नवा मोटरवे या लेव्हल्समधून जाणार होता. जून २०१९ मध्ये वेल्सचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी तो नामंजूर केला. खर्च आणि पर्यावरण ही दोन्ही कारणे होती. रांगेत बसणाऱ्यांचा वैताग खरा आहे. पण २०१६ मध्ये याच लेव्हल्सवर क्रौंच पक्ष्यांच्या जोडीने पिल्लू वाढवले, वेल्समध्ये चारशेहून अधिक वर्षांनंतर, हेही तितकेच खरे आहे. इथले मेगर मार्श हे छोटे राखीव क्षेत्र मुलांना घेऊन पाहण्यासारखे आहे.

४. लँगोर्स तलाव. नॅशनल पार्कची सहल करायची तर हा. १९५७ साली स्थापन झालेल्या या पार्कला आपण ब्रेकन बीकन्स म्हणत आलो. एप्रिल २०२३ पासून पार्क स्वतःचे वेल्श नाव, बानाय ब्रुखेनिओग, वापरते. लँगोर्स हा दक्षिण वेल्समधला सर्वांत मोठा नैसर्गिक तलाव. काठाला रीड, मागे डोंगर आणि पाण्यात नवव्या शतकाच्या शेवटी माणसांनी बांधलेले एक बेट आहे. इथले पक्षी फक्त वेल्सच्या खऱ्या राजासाठीच गातात, अशी दंतकथा बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्सने नोंदवून ठेवली आहे. तलावाच्या दक्षिणेला लँगास्टी चर्चजवळ पक्षी पाहण्यासाठी हाइड, म्हणजे खिडक्यांची आडोशाची खोली आहे. उन्हाळ्यात होड्यांची वर्दळ असते. फोटोसाठी सकाळ किंवा हिवाळा बरा.

भरतीचे गणित आणि कालनिर्णय

सेव्हर्न खाडीत भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवशी १४ मीटरपर्यंत जातो. जगात इतका फरक फार थोड्या ठिकाणी आहे. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगलेले असतात आणि फोटोत ठिपकेच येतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणते. पूर्ण भरतीला ते गोल्डक्लिफसारख्या तळ्यांवर विश्रांतीला येतात. म्हणून नियम असा: पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी जागेवर जाऊन बसा. तुम्ही पक्ष्यांकडे जायचे नाही, पाणीच त्यांना तुमच्याकडे आणते.

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा उपयोग. पौर्णिमा आणि अमावास्येच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. तिथे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते. हा हिशोब कार्डिफला तसाच लागू पडत नाही, कारण चंद्र तोच असला तरी प्रत्येक बंदराचा उशीर वेगळा असतो. इथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची भरती सकाळी आणि संध्याकाळी सात ते आठच्या आसपास येते (उन्हाळ्यात घड्याळ पुढे असते तेव्हा एक तास मिळवा).

डिसेंबरमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो. म्हणजे सगळ्यात मोठी भरती अंधारातच होऊन जाते. त्याऐवजी चतुर्थी पाहा, संकष्टी असो वा विनायकी. त्या दिवशी भरती नऊ ते दहाच्या दरम्यान येते, पाणी अजून पुरेसे उंच असते आणि उजेड कोवळा असतो. हा झाला अंदाज. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा कार्डिफ किंवा न्यूपोर्टचा भरतीचा तक्ता पाहायचाच.

कोणत्या काळात काय

दिवाळी ते संक्रांत: बदके आणि किनाऱ्यावरचे पक्षी भरपूर असतात. न्यूपोर्टला संध्याकाळी स्टार्लिंगचे, म्हणजे आपल्या साळुंकीच्या भाऊबंदांचे, हजारोंचे थवे रीडवर उतरण्याआधी आकाशात वळसे घेतात. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचा.

पाडवा ते ज्येष्ठ: परतीचे प्रवासी येतात, रीडमध्ये गाणे सुरू होते, टिबुकल्या जोडीने नाचतात. हाच घरट्यांचा काळ, म्हणून सगळ्यात जास्त जपून वागायचा.

आषाढ-श्रावण: पिल्ले, चतुर आणि फुलपाखरे. मॅक्रो लेन्स असेल तर हीच वेळ. पक्षी मात्र रीडमध्ये लपलेले असतात.

पितृपक्ष ते दसरा: लँगोर्सला पहाटेचे धुके. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पाण्यावर धुक्याचा थर बसतो आणि डोंगर वर तरंगल्यासारखे दिसतात. सूर्य वर आला की हे तासाभरात संपते.

कॅमेऱ्यात काय बदलावे

ऑटो मोडला पाणथळ जागा नीट कळत नाही. कारण साधे आहे: कॅमेरा सगळे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो.

• पांढरा बगळा आणि मागे काळे पाणी: बगळ्याचे पंख पांढरेफट्ट होतात, पिसे दिसत नाहीत. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा.

• चकाकते पाणी किंवा धुके: उलट होते, सगळे मळकट येते. अधिक १ करा. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला आपटत नाही ना, एवढे पाहा.

• उडणारा पक्षी: शटर स्पीड १/१६०० किंवा जास्त. बसलेला पक्षी: १/५०० पुरे. कार्डिफच्या ढगाळ हवेत यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० लागेल, तो लावायला घाबरू नका. थोडा दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

• स्टार्लिंगचे थवे: रुंद लेन्स, आयएसओ हवा तेवढा. खाली दीपगृह किंवा रीडची काळी रेघ ठेवा, म्हणजे थव्याचा आकार कळतो. यासाठी मोबाईलचा व्हिडिओही उत्तम.

• लँडस्केप: अपर्चर एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड आणि क्षितिज सरळ. पाण्याच्या फोटोत तिरके क्षितिज लगेच डोळ्यात खुपते. पोलरायझर फिल्टर चकाकी काढतो, पण प्रतिबिंबही पुसतो. फिरवून पाहा आणि ठरवा.

• उंची: कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला जितका खाली, तितका फोटो जिवंत. हाइडच्या खालच्या खिडक्या मुलांसाठी असतात. रिकाम्या असतील तर आपणही वापराव्यात.

• सूर्य: सेव्हर्नचा चिखल आपल्या दक्षिणेला आहे. बांधावरून तिकडे पाहिले की हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर सूर्य समोर येतो. रंग हवे असतील तर बांधाच्या आतल्या तळ्यांकडे वळा. चिखलाकडे पाहताना छायाकृती घ्या.

लेन्सचे म्हणाल तर ३०० ते ४०० मिलिमीटर पुरे. जास्त झूमचा ब्रिज कॅमेराही चालतो. आणि कॅमेऱ्याच्या आधी ८x४२ची दुर्बीण घ्यावी असे माझे मत आहे. पक्षी काय करतो आहे ते दिसले की तो पुढे काय करेल ते कळते.

अंतर किती ठेवावे

मीटरमध्ये आकडा देण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहावे. तो खात असेल तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. त्याने खाणे थांबवून मान वर केली, तर थांबा. चालू लागला, एकसारखी मान हलवू लागला किंवा ओरडला, तर दोन पावले मागे या. तो उडाला तर फोटो मिळाला असेल, पण आपण चुकलो. खाणाऱ्या पक्ष्याचा फोटो चांगलाही येतो. घाबरून उडालेल्याचे शेपूटच दिसते.

कायदाही माहीत हवा. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टमध्ये विशेष संरक्षित पक्ष्यांची यादी आहे. बिटर्न, बिअर्डेड टिट, मार्श हॅरियर, अॅव्होसेट आणि आपला लाडका खंड्या, म्हणजे किंगफिशर, हे सगळे त्यात आहेत. त्यांच्या घरट्यापाशी किंवा जवळ त्यांना त्रास होईल असे काही करणे हा गुन्हा आहे आणि फोटो काढत होतो ही सबब चालत नाही. घरट्यावर फोटो काढायचा तर परवाना लागतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणेही टाळावे. दुसरा नर आला असे समजून तो पिल्ले सोडून धावतो. ड्रोन घरीच ठेवा.

मुले, डबा आणि चिखल

फोटोसाठी चिखलावर उतरायचे नाही, एक पाऊलही नाही. वरून घट्ट दिसतो पण पाय रुततो, आणि इथली भरती चालणाऱ्या माणसाला गाठते. मुलांना बांधाच्या आतच ठेवा.

भडक जॅकेटपेक्षा मातकट रंग बरे. रबरी बूट, हातमोजे आणि जादा मोजे हवेत. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी आतल्या खिशात ठेवा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे न्यावेत, चिप्सची पाकिटे नकोत. हाइडमध्ये त्या पाकिटाचा आवाज फटाक्यासारखा वाटतो. उरलेली पोळी राखीव क्षेत्रातल्या हंसांना घालू नये. उघडण्याच्या वेळा आणि पार्किंगचे दर बदलतात, आधी पाहून निघा. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून त्यांच्या हाती जुना कॅमेरा द्या आणि "पाच वेगवेगळ्या चोचींचे फोटो" असे काम द्या. चोच पाहिली की कोण काय खातो ते आपोआप कळते.

फोटोचे पुढे काय

रेडशँकचा अभ्यास शक्य झाला तो पायातल्या रंगीत कड्यांमुळे. तुमच्या फोटोत पक्ष्याच्या पायात कडे दिसले तर रंग आणि क्रम नीट टिपा आणि ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीला कळवा. तो पक्षी कुठून आला हे बहुधा कळवले जाते. म्हणून एक तरी फोटो पायांचा घ्यावा. साध्या नोंदी ई-बर्ड किंवा बर्डट्रॅकवर टाकता येतात.

घरट्याचा फोटो चुकून निघालाच तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागा लिहू नका आणि फोटोतली जीपीएस माहितीही काढून टाका. हे काम आपल्या आयटीवाल्यांना दोन मिनिटांचे आहे.

सुट्टीत घरी गेल्यावर

हीच लेन्स भारतात नेता येईल. नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र झाले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये तो दर्जा मिळाला. सेव्हर्न खाडीही रामसर यादीत आहे. पुण्याकडच्यांना उजनीच्या पाण्यावरचे भिगवण सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, दिसण्याची चांगली शक्यता असते.

भिगवणला होडीतून जाताना एक करा. "थवा उडवून दाखवू का साहेब?" असे होडीवाल्याने विचारले तर नको म्हणा आणि त्याच पैशात अर्धा तास होडी थांबवायला सांगा. त्यालाही पर्यटक हवेत आणि पर्यटकांना पक्षी. पक्षी शांत राहिले तरच ते पुढच्या वर्षी येतील.

पुढच्या चतुर्थीला सुट्टी असेल तर भरतीचा तक्ता पाहून न्यूपोर्टला निघा. उपास असला तरी फ्लास्कमध्ये चहा चालतो. फोटो मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवायला जरूर आणा, सोबत पक्ष्याचे नाव, तारीख आणि भरतीची वेळ लिहून आणा. नव्या माणसाला तीच माहिती सगळ्यात उपयोगी पडते.